घाबरल्यागत

सुवर्णा गेल्यावर भेटायला आलेल्या माणसांनी बसवंत कोरेला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला. "एवढी काटक बाई, अंगावर कधी मांस नाही, आणि तिला हार्ट अटॅक?" प्रश्न विचारून झाला की माणसाची नजर हळूच बसवंतच्या पोटावर यायची, तिथं जरा थांबायची आणि मग दाराकडं वळायची. त्या नजरेचा अर्थ त्याला कळत होता. जायला पाहिजे होता हा, गेली ती.

त्याची चुलतबहीण तर तोंडानं बोललीच. "देव चुकला बघ, बसवंता."

"चहा घेऊन जा," तो म्हणाला. दुसरं काही बोलला असता तर भांडण झालं असतं.

देव चुकला की आणखी कोण, हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. राग मात्र तेव्हापासूनच होता. कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं, एवढंच.

बसवंतचा मिरजेत मंडपाचा धंदा. वजन शंभराच्या पुढं, मान अशी नाहीच, खांद्यावर थेट डोकं. पण लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा राहिला की अगदी वरची गाठ मारायला तो स्वतः चढायचा. कामावरची शिडशिडीत माणसं खाली धापा टाकत बसायची आणि हा वरून त्यांना शिव्या घालायचा. सुवर्णा शिवणकाम करायची. ब्लाउज, फॉल-बिडिंग, आणि नवऱ्याच्या मंडपाच्या झालरी. सकाळी मशीनवर बसली की दुपारी जेवायला उठायची. पूर्वी पायानं मशीन चालवायची तेव्हा निदान पाय तरी हलायचे, मोटर बसवल्यावर तेही थांबलं. जेवण एवढंसं. लग्नातला ब्लाउज तिला अजून व्हायचा आणि ही गोष्ट ती पाहुण्यारावळ्यांत न चुकता सांगायची. बायका तिच्याकडं हेव्यानं बघायच्या. जिना चढताना तिला मध्येच थांबावं लागतं, हे कुणी बघत नव्हतं.

पट्टी येऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती. बोटभर रुंदीची, छातीवर डाव्या अंगाला चिकटवायची, आंघोळीतसुद्धा न निघणारी. पुण्याच्या प्राणवेध नावाच्या कंपनीनं ती काढली आणि बघता बघता अख्ख्या राज्याच्या छातीवर बसवली. हृदयातली विजेची लहर ती बघायची, रक्ताची चाल बघायची, वजन आणि उंची तिला ठाऊक असायची. शिवाय ती ऐकायची. माणूस बोलता बोलता "छातीत दुखतंय" म्हणाला की ती लगेच हिशोब करायची आणि गरज वाटली तर स्वतःच रुग्णवाहिका बोलवायची. तिच्यामुळं माणसं वाचलीही, हे खोटं नाही. ज्याचं त्याचं हृदय पट्टीवर तीनपैकी एका रंगात दिसायचं: हिरवं, पिवळं, लाल. विम्याला रंग लागायला लागला, नोकरीला लागायला लागला, आणि मग लग्नालाही. "मुलगी हिरवी आहे," असं आता सरळ बायोडाटात लिहायचे.

सुवर्णा पहिल्या दिवसापासून हिरवी. बसवंत पहिल्या दिवसापासून पिवळा. रोज सकाळी पट्टी त्याला सुनावायची, "आपलं वजन चिंताजनक आहे." सुवर्णा स्वयंपाकघरातून म्हणायची, "ऐका की हो तिचं. माझं नाही ऐकत, निदान तिचं तरी ऐका."

शेवटच्या महिन्यात सुवर्णा एक वाक्य सारखं बोलायला लागली. गच्चीवर कपडे वाळत घालून आली की पायरीवर टेकायची आणि छातीवर हात ठेवून म्हणायची, "घाबरल्यागत होतंय."

पट्टी लगेच बोलायची. आवाज इतका गोड की माणसाला झोप यावी. "घाबरू नका. आपण सुरक्षित आहात. माझ्याबरोबर खोल श्वास घ्या." मग बारीक बासरी वाजायची.

"डॉक्टरकडं जाऊ या," बसवंत म्हणायचा.

"आणि काय सांगू? हिरवी पट्टी असलेल्या बाईला डॉक्टर तपासतात होय? हसतील मला." आणि बासरी संपली की उठून मशीनवर बसायची.

एका सकाळी ती ओल्या कपड्यांची बादली घेऊन जिना चढायला लागली आणि बादली आधी खाली आली. बसवंत धावत गेला तेव्हा सुवर्णा पायऱ्यांवर आडवी होती आणि तिच्या छातीवर बासरी वाजत होती. रंग लाल झाला तो त्यानंतर.

*

पुढच्या महिन्यात बसवंत कामावर गेला. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती. सांगली रस्त्याला एका लग्नाचा मंडप होता. तो वर चढला, गाठी मारल्या, आणि खालून कुणीतरी झालर वर दिली. झालर सुवर्णानं शिवलेली. तिचा टाका त्याला हजारांत ओळखू आला असता. तो कसाबसा खाली उतरला, सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर बसला, आणि काय बोलतोय हे कळायच्या आत बोलून गेला, "घाबरल्यागत होतंय."

त्याच्या छातीवरची पट्टी किंचाळली. "हृदयविकाराची शक्यता. हालचाल करू नका. रुग्णवाहिका निघाली आहे." मंडपातली माणसं गोळा झाली. कुणी वारा घालतंय, कुणी पाणी आणतंय. बसवंत सांगत होता की मला काही झालेलं नाही, बायकोची आठवण आली, एवढंच. पण पट्टीपुढं त्याचं कोण ऐकणार. रुग्णवाहिका आली आणि चार जणांनी मिळून त्याला आत घातलं.

इस्पितळात डॉ. शबाना बारगीर म्हणून हृदयाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, दोनदा तपासलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला तारा लावून ट्रेडमिलवर चालवलं. यंत्राचा चढ वाढत गेला तसा बसवंत चालत गेला. शेवटी डॉक्टरांनीच ते थांबवलं.

"कोरे, तुमचं हृदय झकास आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या वयाच्या सडपातळ माणसांना मी इथं अर्ध्या चढावर बसताना बघते. आता लगेच छाती फुगवू नका. वजन कमी करायचंच. साखर, रक्तदाब, गुडघे, सगळं त्याच्या मागनं येतं. पण आयुष्यभर अंगमेहनत केलीत, ती कामाला आली."

"मग पट्टी कशाला ओरडली?"

त्यांनी पडद्यावर बघितलं. "तुम्ही काहीतरी बोललात. 'घाबरल्यागत होतंय.' तेवढ्यावर तिनं रुग्णवाहिका बोलवली."

बसवंतनं घालायला घेतलेला बूट खाली ठेवला.

"डॉक्टर, माझ्या बायकोनं हेच शब्द महिनाभर म्हटले. हेच. तिच्यासाठी पट्टीनं बासरी वाजवली."

डॉ. बारगीर पडद्यापासून वळल्या. मग म्हणाल्या, "मिसेस बारीक होत्या?"

"होत्या."

"मला कंपनीचं आतलं माहीत नाही. त्यांनाच विचारा. आणि सोडू नका, विचाराच." बसवंत दारापर्यंत गेल्यावर त्यांनी पुन्हा हाक मारली. "तुम्हाला मुलंबाळं?"

"एक मुलगी आहे. आईसारखीच आहे, काडी."

"तिला माझ्याकडं घेऊन या. पट्टी काय म्हणते ते विसरा."

*

मुलगी ऋतुजा. सव्वीस वर्षांची, घरात बसून कॉम्प्युटरवर नोकरी करणारी. सुवर्णा असतानाच तिचं लग्न जयसिंगपूरच्या शेट्यांच्या शिवतेजशी ठरलं होतं, आणि आता वर्षाच्या आत उरकून घेऊ असा निरोप आला होता. बसवंतनं तपासणीचं नाव काढल्यावर तिनं लॅपटॉपवरून डोकंही वर केलं नाही.

"अप्पा, मी हिरवी आहे."

"तुझी आईही हिरवी होती."

"आईला टेन्शन होतं. पट्टी तिला सांगत होती, श्वास घ्या, शांत व्हा. ती कधी शांत बसली?"

"तपासणी करायला काय जातं तुझं?"

"रिपोर्ट पट्टीला जोडला जातो. थोडं जरी काही निघालं तरी मी पिवळी. मग शेटेकाकूंना काय सांगू?" आता तिनं वर बघितलं. "आणि खरं सांगू का अप्पा, तुम्हाला पट्टीचा पहिल्यापासून राग आहे. ती तुम्हाला जाड म्हणते म्हणून."

बसवंतनं हातातला पेला एवढ्या जोरात ठेवला की पाणी तिच्या लॅपटॉपपर्यंत गेलं. तो बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी पकडली.

*

प्राणवेधच्या काचेच्या इमारतीत त्याचं आधी तीन जणांनी सांत्वन केलं आणि चौथ्या मजल्यावर प्रणोती शहाणे भेटल्या. पट्टीला मराठी शिकवणाऱ्या विभागाच्या त्या प्रमुख. पस्तिशीच्या, थकलेल्या.

"नाव तरी शहाणे आहे," बसवंत बसता बसता म्हणाला. "बघू."

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग सुवर्णाच्या पट्टीतला आवाज शोधला आणि त्याला विचारून लावला. "घाबरल्यागत होतंय." "घाबरू नका." "घाबरल्यागत होतंय." "घाबरू नका." बसवंतनं टेबलाची कड धरून ठेवली.

"घाबरणे म्हणजे भिणे. पट्टीनं तेवढंच घेतलं," प्रणोती म्हणाल्या. "तुमच्या भागात बायका छातीच्या त्रासाला असं म्हणतात, हे तिला कळलं नाही."

"मी म्हटलं तेव्हा बरं कळलं."

 त्यांना उत्तर माहीत होतं आणि द्यायचं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. पण दिलं. "आम्ही यंत्राला नियम लिहून देत नाही. जुने लाखो केसपेपर दिले, त्यातून ते आपलं आपण शिकलं. जाड पुरुष 'घाबरं होतंय' म्हणत दवाखान्यात आला की डॉक्टरांनी ईसीजी काढला. बारीक बाई तेच म्हणत आली की लिहिलं, मानसिक ताण. आणि घरी पाठवलं."

"घरी जाऊन ती मेली तर?"

"मेली तर ती परत त्या दवाखान्यात येत नाही. म्हणजे केसपेपरवर पुढं काही नसतं." त्यांचा आवाज खाली गेला. "यंत्राच्या लेखी ती बरी झाली."

बसवंत उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. त्याला त्या बाईच्या टेबलावरचं सगळं खाली ढकलावंसं वाटत होतं. तो बसला.

"बाई, मी जनरेटर भाड्यानं देतो. जनरेटर चांगला आहे का हे एक बल्ब लावून कळत नाही. एका बल्बावर खटाराही चालतो. सगळे हॅलोजन एकदम लावायचे, मग कळतं कोण किती पाण्यात आहे. माझी बायको बसून असायची. बसलेल्या बाईचं हृदय बघून तुम्ही हिरवा शेरा दिला. तिला दम किती आहे हे मोजलं का कधी?"

"पहिल्या पट्टीत मोजत होतो," प्रणोती म्हणाल्या. "दर महिन्याला माणसाला दम लागेपर्यंत चालायला लावायचो. वजनाइतकंच ते महत्त्वाचं आहे, काही वेळा जास्तच. पण लोक वैतागले, पट्ट्या काढून टाकायला लागले. वजन मोजायला कुणाला काही करावं लागत नाही. म्हणून वरच्यांनी वजन ठेवलं आणि दम काढून टाकला."

"आणि आता?"

"दुरुस्ती करायची आहे. त्यासाठी अशा बायकांचे आवाज लागतील." त्यांनी एकदा खाली बघितलं. "सुवर्णाताईंचा आवाज वापरायची तुम्ही परवानगी दिलीत तर..."

"देतो. पण उद्याच्या उद्या सगळ्या पट्ट्यांवर सांगा की आमच्या हिरव्या रंगावर विसंबू नका."

"ते माझ्या हातात नाही हो. वरचे लोक म्हणतात, लोकांत घबराट होईल."

"घबराट," बसवंत म्हणाला. "तो शब्द बरा कळतो त्यांना." तो उठला. "मग तिचा आवाजही तुमच्या हातात नाही. माझ्या फोनवर पाठवा आणि तुमच्याकडचा पुसून टाका."

प्रणोती शहाण्यांनी दोन्ही कामं त्याच्यासमोर केली. जाताना म्हणाल्या, "माझी आईही बारीक आहे. आज फोन करते." बसवंतला प्रणोतींबद्दल कणव वाटायला हवी होती. वाटली नाही.

*

घरी आल्यावर तो सरळ ऋतुजापाशी गेला. फोन तिच्या लॅपटॉपवर ठेवला आणि आवाज लावला.

सुवर्णाचा आवाज घरात भरला. पायरीवरचा, मशीनवरचा, भाकरी थापतानाचा. मागं तव्याचा आवाज, एकदा बसवंतचं खोकणं, एकदा ऋतुजाच मोठ्यानं विचारतेय, "आई, माझा चार्जर बघितलास?" आणि प्रत्येक वेळी तेच दोन शब्द आणि त्याच्यावर तेच गोड उत्तर. ऋतुजानं दोन्ही हातांनी कान झाकले. बसवंतनं बंद केलं नाही. सगळं संपेपर्यंत उभा राहिला.

"बंद करायचं होतं की अप्पा," ती रडत म्हणाली.

"तुझ्या आईला कुणी बंद करायला दिलं?"

डोळे पुसून ऋतुजा म्हणाली, "मलापण होतं तसं. वर जाताना. मी म्हटलं, आईची आठवण येते म्हणून होत असेल."

"असेल. नसेलही. उद्या बघू."

डॉ. बारगीरांनी ऋतुजाचं रक्त घेतलं आणि तिला ट्रेडमिलवर उभं केलं. पहिल्याच चढाला तिचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, "घाबरल्यागत होतंय." छातीवरून पट्टी म्हणाली, "घाबरू नका." डॉक्टरांनी यंत्र थांबवलं, ऋतुजाला बसवलं आणि पट्टीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हिला जरा गप्प करता येतं का?"

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी दोघांना समोर बसवलं. "हिच्या रक्तात चरबी आहे, भरपूर. जन्मापासून. आईकडून आली असणार. ही चरबी पोटावर दिसत नाही, रक्तवाहिन्यांत आतून साचते. माणूस काडीसारखा असला तरी. आणि त्यात हिला दम नाही. सव्वीस वर्षांच्या मुलीचं हृदय साठीच्या बाईसारखं थकतंय."

"म्हणजे माझंही..." ऋतुजानं वाक्य सोडून दिलं.

"तुझं नाही होणार. वेळेत आलीस. रोज गोळी, ती चुकवायची नाही. आणि चालायचं. आधी हळू, मग जोरात, मग चढावर. वर्षभरानं मला इथं पळून दाखव."

रिपोर्ट संध्याकाळपर्यंत पट्टीला जोडला गेला. ऋतुजा पिवळी झाली.

*

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंगपूरहून फोन आला. शिवतेजची आई, मंगल शेटे. ऋतुजानं स्पीकर लावला आणि बसवंतकडं बघितलं.

"आम्हाला दिसलं हो," मंगलबाई म्हणाल्या. स्थळ ठरलं की दोन्ही घरांना एकमेकांचे रंग दिसायचे, तशी रीतच पडली होती. "पिवळी झाली म्हणे मुलगी. आधी हिरवी सांगितली होती तुम्ही."

"आधी पट्टीनं सांगितलं होतं," बसवंत म्हणाला. "आता डॉक्टरांनी सांगितलं."

"तसं कसं. आमच्या घरात सगळे हिरवे आहेत, बसवंतअण्णा. मी अजून पंचावन्न किलोच्या वर गेले नाही. आमच्याकडं असलं काही नाही. तुमच्या घरचं हे वळण..." त्या शब्द शोधत थांबल्या. "म्हणजे तुमच्या तब्येतीकडं बघून आम्ही आधीच विचार करायला हवा होता."

पुण्यात गिळलेलं सगळं बसवंतच्या घशाशी आलं. आता तो या बाईला असं काही सुनावणार होता की तिनं जन्मात कोरेंच्या घरी फोन केला नसता. त्यानं तोंड उघडलं.

ऋतुजानं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "काकू, तुम्ही आत्ता कुठं आहात? धाप लागलीय तुम्हाला."

"वर आले गं, तुझ्या सासऱ्यांचा चहा द्यायला. जिना चढला की होतंच."

"कसं होतं?"

"कसं म्हणजे? सगळ्या बायकांना होतं तसंच. घाबरल्यागत."

आणि पलीकडं, अगदी जवळ, एक गोड आवाज म्हणाला, "घाबरू नका. आपण सुरक्षित आहात."

बासरी सुरू झाली. ऋतुजाचा हात त्याच्या मनगटावर घट्ट झाला. बसवंतच्या तोंडात अजून ती सगळी वाक्यं होती, एक से एक धारदार, आणि एकही वाया घालवण्यासारखं नव्हतं.

"ताई, खाली बसा," तो म्हणाला. "तिथंच पायरीवर बसा. लग्न मोडायचं ते मोडा, त्याचं नंतर बघू. कधीपासून होतंय असं?"

"अहो पण पट्टी हिरवी..."

"पट्टी मरू दे. शिवतेजला हाक मारा. मारा हाक. नाही तर मी इथनं मारतो." आणि त्यानं फोन तोंडाजवळ धरून, सगळी गल्ली दारात येईल अशा आवाजात, हाक मारली.